मोबाईलवरून लॅपटॉपला इंटरनेट जोडताना: आधी काय, नंतर काय

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या उंच इमारतीत दुपारी वीज गेली, तर लिफ्टसाठी जनरेटर असतो. घरातल्या राउटरसाठी आणि मजल्यावरच्या डक्टमध्ये बसवलेल्या ब्रॉडबँडच्या स्विचसाठी (घरोघरी नेट वाटणाऱ्या पेटीसाठी) बहुधा नसतो. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप जोडणे हा उपाय सर्वांना माहीत आहे, आणि तरीही तो वेळेवर दगा देतो. लॅपटॉपवर ‘कनेक्टेड’ दिसते पण पान उघडत नाही, उघडले तर दहा मिनिटांत दिवसाचा डेटा संपतो, किंवा मुलाखत रंगात आलेली असताना नेट तुटते. मग दोष नेटवर्कला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चूक क्रमात असते. हॉटस्पॉटचे बटण सर्वांत आधी दाबले जाते आणि डेटा किती शिल्लक आहे, लॅपटॉप मागे काय काय उतरवून घेतो आहे, दुसऱ्या सिमवर कॉल आला तर काय होईल, हे प्रश्न नंतर आठवतात. लॅपटॉप जोडणे ही या कामातली शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. येथे दोन वेगवेगळे दुवे असतात: पहिला टॉवर ते फोन, दुसरा फोन ते लॅपटॉप. लॅपटॉपवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात तेव्हा त्या दुसऱ्या दुव्याविषयी सांगत असतात. पहिला दुवा तुटलेला असला तरी त्या भरलेल्याच राहतात. नेमका कोणता दुवा अडला आहे हे न पाहता पासवर्ड बदलणे, फोन बंद-चालू करणे, लॅपटॉप रीस्टार्ट करणे यांत अर्धा तास सहज जातो.

## टप्पा १: फोन एकटा तपासावा

१. फोनचे वायफाय बंद करावे. ही पायरी वगळल्यामुळे होणारा घोटाळा फार सामान्य आहे. घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालू असतो, पण इमारतीतला स्विच बंद असल्याने त्यात नेट नसते. फोन मात्र त्या निकामी वायफायला चिकटून राहतो. केबलने जोडणी केल्यास अनेक अँड्रॉइड फोन तेच निकामी वायफाय लॅपटॉपलाही पुढे देतात.

२. मोबाईल डेटा चालू करून, पूर्वी कधीही न उघडलेले एखादे पान फोनवर उघडावे. रोजचे पान उघडू नये, कारण ते फोनच्या साठवणीतून दिसण्याची शक्यता असते. वेग मोजणारी संकेतस्थळे या कामासाठी वापरू नयेत. चांगल्या ५जी नेटवर्कवर अशी एकच चाचणी काही शे एमबी डेटा खाऊन जाते.

३. रेंजच्या दांड्यांवर विसंबून न राहता आकडा पाहावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ आणि त्यातील ‘सिम स्टेटस’ येथे सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, उणे चिन्हासह दिसते. ४जीसाठी उणे ९०च्या आसपासचा किंवा त्याहून शून्याच्या जवळचा आकडा चांगला, उणे १०५पर्यंत काम चालते, आणि उणे ११०च्या पलीकडे गेल्यास व्हिडिओ बैठकीचा नाद सोडलेला बरा. हा आकडा हातात ठेवून घरात फिरावे. स्वयंपाकघराची खिडकी आणि आतली खोली यांत किती फरक पडतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले की फोन कोठे ठेवायचा यावर वाद राहत नाही.

४. फोन सतत ५जी आणि ४जी यांच्यामध्ये उड्या मारत असेल, तर पसंतीचे नेटवर्क ४जी असे निवडावे. आपल्याकडे ५जीसाठी वापरला जाणारा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा काँक्रीटच्या भिंतींतून आत यायला कुरकुरतो. कासारवडवली किंवा खारघरच्या वरच्या मजल्यांवर आणखी एक अडचण असते: टॉवरच्या अँटेना खाली झुकवलेल्या असतात, आणि एवढ्या उंचीवर फोनला दूरदूरचे अनेक टॉवर एकाच वेळी दिसल्याने तो एकावरून दुसऱ्यावर जात राहतो. बैठकीसाठी वेगापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे असते आणि स्थिर ४जी तेथे पुरेसे होते.

तपासणी: फोनवर नवीन पान तीन-चार सेकंदांत उघडत नसेल, तर येथेच थांबावे. लॅपटॉप जोडून त्यात सुधारणा होणार नाही. जागा बदलावी, किंवा घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचे वेगळ्या कंपनीचे सिम वापरावे.

## टप्पा २: डेटा किती आहे आणि किती लागेल

आपले बहुतेक प्रीपेड पॅक दररोज १.५ किंवा २ जीबी असे असतात. तो कोटा संपला की नेट बंद पडत नाही. त्याचा वेग साधारणपणे ६४ केबीपीएसवर येतो, आणि हेच अधिक फसवे असते, कारण ‘नेट आहे पण चालत नाही’ अशी अवस्था होते. या वेगाने १ एमबी उतरायला सुमारे दोन मिनिटे लागतात. ५ एमबीची पीडीएफ चढवायची असेल तर दहा मिनिटांहून अधिक वेळ जाईल, आणि तोवर सरकारी पोर्टलचे सेशन संपलेले असेल.

त्यामुळे जोडणीपूर्वी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहावी. फॉर्म भरणे, ईमेल आणि कागदपत्रे यांना तासाला १०० एमबीसुद्धा क्वचितच लागतात. व्हिडिओ बैठकीला तासाला साधारण अर्धा ते दीड जीबी धरावा. कॅमेरा बंद ठेवल्यास तो बराच खाली येतो. चित्रपट-मालिका एचडी दर्जात पाहिल्यास तासाला ३ जीबीपर्यंत मजल जाते, आणि ते लॅपटॉपवर, मोबाईलच्या डेटावर करण्याचे कारण मला तरी समजत नाही.

शिल्लक कमी असेल तर जादा डेटाचा पॅक आधीच घ्यावा. कोटा संपल्यावर तो घ्यायला गेल्यास पैसे भरण्याचे पान त्याच ६४ केबीपीएसवर उघडावे लागते.

सावधान: ‘अमर्यादित ५जी’ असलेला पॅक आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ही सवलत फोन प्रत्यक्ष ५जीवर असेपर्यंतच लागू असते. आतल्या खोलीत फोन ४जीवर उतरला, किंवा टप्पा १ मधील सूचनेप्रमाणे आपणच ४जी निवडले, की रोजचा कोटा मोजला जाऊ लागतो. हॉटस्पॉटबाबत पॅकच्या अटी काय आहेत तेही एकदा वाचून ठेवावे.

## टप्पा ३: लॅपटॉपची भूक आवरावी

सर्वांत जास्त लोक चुकतात ते येथे, म्हणून या टप्प्यावर अधिक वेळ घालवू.

फोनला डेटा मोजून मिळतो हे फोनला माहीत असते. लॅपटॉपला ते माहीत नसते. वायफाय दिसले की त्याच्या लेखी ते घरचे ब्रॉडबँडच असते. मग दोन आठवडे साचलेले विंडोजचे अपडेट, गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये चढायचे राहिलेले फोटो, अँटिव्हायरसची नवी माहिती, मुलांनी बसवलेल्या गेमची नवी आवृत्ती, हे सगळे एकदम सुरू होते. आपण फक्त एक ईमेल पाठवत असतो आणि तिकडे दीड जीबी संपलेला असतो.

जोडण्यापूर्वी, लॅपटॉप नेटविना असतानाच, पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

१. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ येथे जाऊन अपडेट एका आठवड्यासाठी ‘पॉज’ करावेत.

२. घड्याळाजवळच्या कोपऱ्यातील वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांच्या चिन्हांवर टिचकी मारून सिंक (फाइलींची आपोआप चढ-उतार) थांबवावे. वनड्राइव्हमध्ये २, ८ किंवा २४ तासांसाठी थांबवण्याची सोय आहे. कामाला लागेल त्याहून मोठी मुदत निवडावी. दोन तासांची निवडून तीन तासांची बैठक घेतली तर तिसऱ्या तासाला सिंक पुन्हा सुरू होईल.

३. गेम उतरवून चालू करणारी लाँचर अ‍ॅप्स पूर्णपणे बंद करावीत. केवळ खिडकी मिटवल्याने ती बंद होत नाहीत. त्याच कोपऱ्यातील चिन्हावर जाऊन ‘एक्झिट’ निवडावे लागते.

४. ब्राउझरमधील जुने टॅब बंद करून तो पुन्हा उघडावा. जोडणी होताच वीस टॅब एकाच वेळी ताजे होऊ लागतात, आणि त्यांत एखादा यूट्यूबचा असतोच.

यानंतर ‘मीटर्ड कनेक्शन’. ही खूण लावली की या जोडणीवर डेटा मोजून मिळतो हे विंडोजला कळते आणि ते बहुतेक मोठे अपडेट रोखून धरते. अडचण अशी की ही खूण प्रत्येक नेटवर्कला स्वतंत्रपणे लावावी लागते, आणि नेटवर्क एकदा जोडल्याशिवाय ती लावता येत नाही. म्हणजे ज्या गळतीपासून वाचायचे, ती पहिल्या जोडणीतच सुरू होते. यावर साधा उपाय आहे. अँड्रॉइड फोनवर मोबाईल डेटा बंद करून फक्त हॉटस्पॉट चालू करावा. लॅपटॉप त्याला जोडावा. तो ‘नो इंटरनेट’ असे दाखवेल, तसे दाखवू द्यावे. त्या अवस्थेत सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात वायफाय, आणि तेथे त्या हॉटस्पॉटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे. मग फोनचा मोबाईल डेटा सुरू करावा. हे काम एकदाच करायचे असते आणि ते एखाद्या निवांत रविवारी करून ठेवावे.

आयफोनमध्ये मोबाईल डेटा बंद असताना हॉटस्पॉट चालू करता येत नाही. तेथे वरच्या चार पायऱ्या नीट पार पाडाव्यात आणि जोडल्याबरोबर पहिले काम म्हणून मीटर्डची खूण लावावी. विंडोज ते आपोआप ओळखेल या भरवशावर राहू नये.

मॅक वापरणाऱ्यांना वायफायच्या सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या तपशिलात ‘लो डेटा मोड’ मिळेल. त्याच्या जोडीला फोटोंचे आयक्लाउड सिंकही हाताने थांबवावे.

सावधान: हॉटस्पॉटचे नाव बदलले की लॅपटॉपच्या दृष्टीने ते नवे नेटवर्क ठरते आणि मीटर्डची खूण राहत नाही. केबलने केलेली जोडणी ‘इथरनेट’ या नावाने वेगळी धरली जाते. तिला ही खूण स्वतंत्रपणे लावावी आणि दर वेळी ती शिल्लक आहे का हे पाहावे.

## टप्पा ४: दुसरे सिम

आपल्याकडे बहुतेक फोनमध्ये दोन सिम असतात: एक जुना नंबर, एक डेटाचा. अशा बहुसंख्य फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल सुरू झाला की पहिल्या सिमचा डेटा तेवढा वेळ थांबतो. मुलाखत चालू असताना कर्ज देऊ करणाऱ्या कोणाचा तरी फोन त्या जुन्या नंबरवर येतो आणि लॅपटॉपवरचे चित्र गोठते. समोरच्याला वाटते आपले नेट खराब आहे. आपल्यालाही तसेच वाटते. कॉल तुटला की नेट आपोआप पूर्ववत होत असल्याने कारण कधीच सापडत नाही.

‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून हे टळत नाही. त्याने फक्त घंटी थांबते. कॉल नेटवर्कवरून फोनपर्यंत येतोच. महत्त्वाच्या कामाआधी सिमच्या सेटिंग्जमधून दुसरे सिम तात्पुरते बंद करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. डेटाच्या सिमवर ‘व्हीओएलटीई’ (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) चालू आहे हेही पाहावे. ते बंद असेल तर त्याच सिमवर आलेला कॉलसुद्धा डेटा अडवू शकतो.

तपासणी: सिम बंद करण्यापूर्वी ओटीपी कोणत्या नंबरवर येणार आहे ते आठवावे. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरायला बसलेल्या माणसाने बँकेत आणि पोर्टलवर नोंदवलेला नंबरच बंद केला, तर नेट उत्तम असूनही काम अडेल.

## टप्पा ५: केबल, वायफाय की ब्लूटूथ

एकच लॅपटॉप असेल आणि फोन त्याच्याजवळ ठेवूनही रेंज चांगली मिळत असेल, तर केबल निवडावी. जोडणी स्थिर राहते, शेजारच्या वायफायचा अडथळा नसतो आणि फोन चार्ज होत राहतो. मात्र वीज गेलेली असताना हे चार्जिंग लॅपटॉपच्या बॅटरीतून होते हे विसरू नये. फोन आधीच भरलेला असल्यास ते ओझे कमी होते.

रेंज फक्त खिडकीपाशी असेल, किंवा दोन लॅपटॉप जोडायचे असतील, तर वायफाय हॉटस्पॉट. त्यात फोन पॉवर बँकेला लावता येतो.

ब्लूटूथचा वेग साध्या मजकुरापुरताच असतो. त्याला बॅटरी कमी लागते, एवढाच त्याचा गुण.

## टप्पा ६ (अ): केबलने जोडणी

१. केबल डेटाची आहे याची खात्री करावी. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या अनेक स्वस्त केबलींमध्ये केवळ चार्जिंगच्या तारा असतात. फोन चार्ज होतो, पण ‘यूएसबी टिथरिंग’चा (केबलमधून फोनचे नेट लॅपटॉपला देण्याचा) पर्याय फिकटच राहतो. तसे दिसल्यास सेटिंग्जमध्ये शोधाशोध न करता आधी केबल बदलावी.

२. केबल आधी लावावी, पर्याय नंतर उघडावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि त्यातील ‘हॉटस्पॉट अँड टिथरिंग’ येथे असतो. सॅमसंगमध्ये तो ‘कनेक्शन्स’खाली सापडतो.

३. ‘यूएसबी टिथरिंग’ चालू करावे आणि लॅपटॉपचे वायफाय बंद करावे. दोन वाटा उघड्या ठेवल्यास लॅपटॉप कोणती धरेल हे सांगता येत नाही.

४. आयफोन असल्यास फोनचे कुलूप उघडून ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर’ला होकार द्यावा. विंडोजवर त्यासाठी अ‍ॅपलचे ड्रायव्हर (विंडोजला फोन ओळखू देणारे सॉफ्टवेअर) लागतात. ते आयट्यून्स किंवा ‘अ‍ॅपल डिव्हायसेस’ या अ‍ॅपबरोबर येतात. घरचे ब्रॉडबँड चालू असतानाच ते बसवून ठेवावे.

अनेक अँड्रॉइड फोनचे यूएसबी टिथरिंग मॅकवर थेट चालत नाही. तेथे वायफायचाच मार्ग धरावा. कार्यालयाच्या लॅपटॉपवर यूएसबीने नेट घेणे कंपनीनेच बंद केलेले असू शकते. ऐरोली किंवा महापे येथील कार्यालयातून मिळालेला लॅपटॉप घरी असे वागत असेल तर आडवाट न शोधता आयटी विभागाला विचारावे.

## टप्पा ६ (आ): वायफाय हॉटस्पॉटने जोडणी

१. फोनमधील ‘डेटा सेव्हर’ आणि बॅटरी वाचवण्याचा मोड बंद करावा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये डेटा सेव्हर चालू असताना हॉटस्पॉट सुरूच होत नाही.

२. नाव आणि पासवर्ड आधी ठरवावेत. नावात फ्लॅट क्रमांक किंवा आडनाव नसावे. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. मोबाईल नंबर किंवा सोसायटीचे नाव पासवर्ड म्हणून ठेवू नये. आयफोनमध्ये हॉटस्पॉटचे नाव म्हणजे फोनचेच नाव असते; ते ‘जनरल’मधील ‘अबाउट’ येथे बदलता येते.

३. बँड (वायफायच्या लहरींचा पट्टा) निवडावा. ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान असतो, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झ दूरवर पोहोचतो; मात्र वाशी-नेरूळच्या सोसायट्यांमध्ये त्या पट्ट्यात शेजारच्या वीस-पंचवीस राउटरांची गर्दी असते. फोन आणि लॅपटॉप एकाच खोलीत असतील तर ५, फोन खिडकीत आणि लॅपटॉप आतल्या खोलीत असेल तर २.४. वीज गेलेली असताना शेजारचे राउटरही बंद असल्याने २.४ गिगाहर्ट्झ एरवीपेक्षा बरा चालतो, हा त्यातल्या त्यात दिलासा.

४. फोन टॉवरच्या दिशेला ठेवावा, लॅपटॉपच्या नव्हे. फोन लॅपटॉपशेजारी ठेवण्याचा मोह सर्वांना होतो, पण दोन दुव्यांपैकी बहुधा पहिलाच अशक्त असतो. आकडा चांगला आला होता त्याच खिडकीत फोन ठेवावा. लोखंडी ग्रिलला टेकवून किंवा स्टीलच्या डब्यांमागे ठेवू नये, आणि मे महिन्यात थेट उन्हात तर नाहीच.

५. आता हॉटस्पॉट चालू करावा आणि लॅपटॉपवर नाव निवडून पासवर्ड द्यावा. आयफोनवर ‘अलाउ अदर्स टू जॉइन’ चालू करून जोडणी होईपर्यंत ‘पर्सनल हॉटस्पॉट’चे पान उघडे ठेवावे.

नाव दिसतच नसेल तर: जुन्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही, म्हणून बँड २.४ करावा. आयफोन १२ आणि त्यापुढील फोनमध्ये त्यासाठी ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करावे. तरीही जोडले जात नसेल तर अँड्रॉइडमध्ये सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए३’वरून ‘डब्ल्यूपीए२’ करून पाहावा. सुरक्षा काढून हॉटस्पॉट उघडा ठेवण्याचा प्रयोग करू नये. लिफ्टची वाट पाहणारा कोणीही त्यावर येईल.

## टप्पा ७: जोडले, पण नेट नाही

येथे दोन दुव्यांचा नियम वापरावा. प्रथम फोनवर नवे पान उघडावे. फोनवरही उघडत नसेल, तर अडथळा पहिल्या दुव्यात आहे: फोनचा ‘एअरप्लेन मोड’ दहा सेकंद चालू करून बंद करावा, रेंज परत आल्यावर हॉटस्पॉट पुन्हा चालू करावा. लॅपटॉपला हात लावण्याची गरज नाही.

फोनवर पान उघडते पण लॅपटॉपवर नाही, असे असेल तर पुढील क्रम धरावा.

१. लॅपटॉपची तारीख आणि वेळ पाहावी. बरेच दिवस बंद राहिलेल्या लॅपटॉपचे घड्याळ चुकलेले असते आणि मग प्रत्येक पानावर सुरक्षेचा इशारा येतो.

२. वायफायच्या तपशिलात आयपी पत्ता (नेटवर्कवर लॅपटॉपला मिळालेला क्रमांक) पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर फोनने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपवर ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडावे. न जमल्यास फोन रीस्टार्ट करावा.

३. पत्ता ठीक असेल आणि कार्यालयाचा व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंत नेणारी सुरक्षित जोडणी) लॅपटॉपवर चालू असेल, तर तो क्षणभर बंद करून पाहावे. येथे एक गैरसमजही दूर करावा: फोनवर व्हीपीएन चालू असला तरी हॉटस्पॉटवरील लॅपटॉपची वाहतूक साधारणपणे त्यातून जात नाही. लॅपटॉपला व्हीपीएन हवा असेल तर तो लॅपटॉपवरच लावावा.

४. यानंतरही नेट येत नसेल, तर फोनमधील ‘अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स’मध्ये (फोनला कंपनीच्या नेटशी जोडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘रीसेट टू डिफॉल्ट’ करावे. तेथील रकाने अंदाजाने भरू नयेत.

## टप्पा ८: काम चालू असताना

पहिल्या पाच मिनिटांनंतर विंडोजच्या ‘टास्क मॅनेजर’मधील नेटवर्कचा रकाना एकदा पाहावा. आपण काहीही करत नसताना एखादा प्रोग्राम सतत काही एमबीपीएस ओढत असेल, तर टप्पा ३ मध्ये तो निसटला आहे.

बैठकीत चित्र अडखळू लागले तर प्रथम आपला कॅमेरा बंद करावा. अपलोड हा मोबाईल नेटचा नेहमीच दुबळा भाग असतो, आणि आपला चेहरा पाठवण्यात तोच खर्च होत असतो. बहुतेक सादरीकरणांची पाने स्थिर असल्याने ती दाखवणे त्या मानाने हलके पडते.

फोन तापला तर तो स्वतःच वेग कमी करतो. जलद चार्जिंग, ५जी आणि हॉटस्पॉट हे तिन्ही एकाच वेळी चालू असताना फोन तापतोच. कव्हर काढावे, पंख्याखाली ठेवावा, चार्जिंग थोडा वेळ थांबवावे. फ्रिजमध्ये ठेवू नये. असे करणारे आहेत म्हणून लिहावे लागते.

बराच वेळ कोणतेही उपकरण जोडलेले नसल्यास हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. लॅपटॉप झोपेत गेला आणि चहा घेऊन परतल्यावर नेट नाही, याचे कारण बहुधा हेच असते. अँड्रॉइडमध्ये हा पर्याय कामापुरता बंद ठेवता येतो.

सावधान: पैसे भरण्याचे पान उघडे असताना किंवा अर्ज ‘सबमिट’ होत असताना एअरप्लेन मोड, सिम किंवा हॉटस्पॉट यांपैकी कशालाही हात लावू नये. मोबाईल नेटवर्क तुटून पुन्हा जोडले की आयपी पत्ता बदलू शकतो, आणि काही संकेतस्थळे त्या क्षणी आपल्याला बाहेर काढतात. पैसे गेले की नाही हे न कळता दुसऱ्यांदा भरले जाण्याचा धोका तेथेच असतो.

ठाणे ते वाशी लोकलमध्ये लॅपटॉप उघडायला जागा मिळालीच, तर मजकूर लिहावा, ईमेल तयार ठेवावेत. फाइल चढवणे मात्र फलाटावर उतरून करावे. ऐरोली, रबाळे, घणसोली असे करत धावत्या गाडीत फोन टॉवर बदलत राहतो, आणि कल्याणकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत पारसिकच्या बोगद्यात रेंजची आशाच नको.

## टप्पा ९: बंद करताना

प्रथम लॅपटॉपवरील फाइल गेली, अर्जाची पावती उतरली, ईमेल ‘सेंट’मध्ये दिसला, हे पाहावे. मग लॅपटॉपवरून नेटवर्क तोडावे आणि त्यानंतर फोनवरील हॉटस्पॉट बंद करावा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक डेटा पुन्हा पाहून किती खर्च झाला ते नोंदवावे. पुढच्या वेळी टप्पा २ मधला अंदाज त्यावरून बांधता येतो.

त्यानंतर जे जे थांबवले होते ते पूर्ववत करावे: घरचे वायफाय परत आल्यावर फोनचे वायफाय चालू करावे, ४जीवर ठेवलेले नेटवर्क हवे असल्यास ५जीवर न्यावे, विंडोजचे अपडेट आणि ड्राइव्हचे सिंक सुरू करावे. चुकून घरच्या वायफायला मीटर्डची खूण लागली असेल तर ती काढावी, नाहीतर सुरक्षेचे अपडेट अडकून पडू शकतात. आणि बंद केलेले दुसरे सिम त्याच वेळी चालू करावे, कारण रात्री बँकेचा ओटीपी आला नाही म्हणून तक्रार करायला फोन लावेपर्यंत ते बंद असल्याचे लक्षातही येत नाही.